अकराशे एक्कावन्न

पंखा फिरत होता, संगणकाच्या पेटीच्या तोंडावरचा दिवा लागला होता आणि स्क्रीन काळी ती काळीच. भाऊबीजेची संध्याकाळ. पत्रिका छापायचं दुकान आमचं घराच्याच पुढच्या खोलीत. शटर अर्ध्यावर ओढलेलं आणि मी आणि माझा भाचा फरशीवर मांडी घालून उघड्या कॅबिनेटसमोर बसलेलो. आतून तळणाचा वास येत होता, बाहेर पोरं उरलेसुरले फटाके संपवत होती. भाच्यानं बटण दाबून मशीन बंद केलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, परत चालू केलं. पंखा फिरला. त्यानं रॅम काढली, तिच्या पिवळ्या कडेवरून खोडरबर फिरवलं, टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवली. पंखा फिरला. मदरबोर्डावरचा चपटा सेल नखानं उचकून काढला, पाच मिनिटं हातात धरून बसला, परत घातला. पंखा तेवढ्याच इमानदारीनं फिरला. शेवटी तो म्हणाला, "मामा, प्रोसेसर बसलाय तर बरोबर. पण बोर्ड त्याला ओळखतच नाहीये."

"पुण्यात सात वर्षं राहून एवढं तरी कळायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

ओरडलो वगैरे नाही. एखाद्या पत्रिकेत ऑपरेटरनं 'शुभाशीर्वाद'चा रफार चुकवला की जसं सांगतो, त्याच आवाजात बोललो. म्हणजे माझ्या रोजच्याच आवाजात. त्यानं वर बघितलं नाही. कापसाच्या बोळ्याला सॅनिटायझर लावून प्रोसेसरच्या पाठीवरची राखाडी पेस्ट पुसली, तो आपल्या डबीत ठेवला आणि माझा जुना प्रोसेसर परत जागेवर घातला. खिळ्यासारखी चारही बटणं दाबून कुलर बसवला. दोन मिनिटांत विंडोज उघडली, काल अर्धवट सोडलेली पत्रिका समोर आली. आक्का पडद्याआडून डोकावली. "काय करूलालास रे एवढ्या वेळचं? जेवायचं हाय का नाही?" आणि झालेला प्रकार ऐकून हसली. "आबांनी देवणीच्या बैलाला लाल कंधारी जोड लावली होती, आठवतं का? दोघं बी मानेला बरोबर. जू बसलं झकास. तास सरळ निघंल तर शपथ!" मी हसलो. भाचाही हसला, पण रात्री दहाच्या ट्रॅव्हल्सनं तो गेला तेव्हा ती डबी त्यानं नेली नाही. "राहू द्या इथंच, मामा. कधी बोर्ड मिळाला तर बघू."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. डबी ड्रॉवरमध्ये आहे आणि माझं ते वाक्यही तिथंच कुठंतरी आहे, ड्रॉवर उघडला की वर येतं.

मुळात पोरानं ती वस्तू किती विचार करून आणली होती, ते मला नंतर कळलं. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला. त्याच्या आधी सहा महिने माझ्या स्क्रीनवर रोज सकाळी पाटी यायची, तुमचं यंत्र विंडोज ११ ला पात्र नाही म्हणून. वर्षभराची वाढीव मुदत मिळते हे भाच्यानंच सांगितलं होतं, पण मुदतवाढ ही शेतकऱ्याच्या कर्जाला मिळते तशीच, मुद्दल तिथंच राहतं. माझ्या मशीनमध्ये इंटेलचा आय थ्री ६१०० प्रोसेसर, म्हणजे सहाव्या पिढीतला. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते. भाच्यानं पुण्यात नवं मशीन बांधलं, तेव्हा त्याच्याकडं जुना आय फाइव्ह ८४०० मोकळा झाला. हा बरोबर आठव्या पिढीतला. माझ्यात दोन कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, त्याच्यात सहा. आणि दोन्ही एलजीए ११५१, म्हणजे बोर्डावरच्या ११५१ बिंदूंच्या जागेत बसणारे. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त मधला तुकडा बदलायचा आणि मामाचं दुकान आणखी पाच-सहा वर्षं चालेल. कागदावर याच्याइतका सरळ हिशोब नाही. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन वाहून नेलं, लग्नांच्या पत्रिका तीनशेच्या जागी शंभर छापायला येताहेत, हेही त्याला त्याच्या आईकडून कळलं असणार. भाऊबीजेला आईसोबत मामाकडं जाताना पोरं मिठाईचा पुडा आणतात. यानं रुमालात गुंडाळून प्रोसेसर आणला.

अकराशे एक्कावन्न. आकडा ऐकला तर गणपतीची पावती वाटावी. गल्लीतल्या मंडळाची पोरं याच आकड्याला अडून बसतात आणि आपण पाचशे एकवर तोडतो. पण इथं एकही कमी करून चालत नाही, कारण तेवढे बिंदू बरोबर टेकावे लागतात. बोर्डावरच्या त्या चौकोनात, म्हणजे सॉकेटात, वाकून बघितलंय का कधी? तळाशी सोनेरी पिनांचं अख्खं रान उभं असतं, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या ज्वारीसारखं. प्रोसेसरच्या पोटाला पिना नसतात, नुसत्या सपाट टिकल्या असतात. त्याच्या दोन बाजूंना खाचा, एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण. खाच खाचेत गेली की तो आपसूक बसतो, बोटानं दाबायचं नाही, नुसता सोडायचा. मग लोखंडी चौकट वरून आणून बाजूची दांडी खाली ओढायची. ती ओढताना बोर्ड असा करकरतो की दर वेळी वाटतं, मोडलं. मोडत नाही. पण माझ्यासारख्याचा हात त्या दांडीवर घामेजतोच. त्या संध्याकाळी हे सगळं व्यवस्थित झालं होतं. खाच जुळली, त्रिकोण जुळला, दांडी बसली.

मी शाळेत शास्त्राचा विद्यार्थी नव्हतो, पण धंद्यापायी मला यंत्राचं 'का' कळल्याशिवाय झोप येत नाही. दिवाळीनंतर गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा चार रात्री हेच वाचत बसलो. झालं असं की सहाव्या आणि सातव्या पिढीपर्यंत या वर्गातल्या प्रोसेसरात जास्तीत जास्त चार कोअर असायचे. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली ती सहा कोअर घेऊन. खाणारी तोंडं वाढली, म्हणजे वीज जास्त लागणार. म्हणून त्याच ११५१ बिंदूंची आतली वाटणी बदलली. वीज आत नेणारे बिंदू आधी १२८ होते, ते १४६ झाले. राखीव, म्हणजे कशालाच न जोडता सोडलेले ४६ होते, ते २५ उरले. आकार तोच, संख्या तीच, खाचासुद्धा त्याच जागी. पण माझ्या एच ११० बोर्डाच्या हिशोबी जिथं रिकामी जागा, तिथं नव्याची भाकरी येणार. वर बोर्डातला बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, त्या पाहुण्याचं नावही ऐकून नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. बोर्ड बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या बोर्डाची यादी ठेवते, कोणता प्रोसेसर बायोसच्या कितव्या आवृत्तीपासून चालतो ते एकेका ओळीत लिहिलेलं असतं. ती यादी बघितली असती तर हे सगळं घडलंच नसतं. मीही बघितली नव्हती. उलट दोन आठवडे आधी त्यानं फोनवर "दोन्ही ११५१ च आहेत मामा" म्हटलं, तेव्हा मीच "मग काय अडचण" म्हणालो होतो.

एरवी खाचा असतात त्या चुकीची वस्तू आत जाऊ नये म्हणून. दाराला चौकट असते तशा. इथं चौकटीनंच आत घेतलं आणि घरानं ओळख दिली नाही.

ते मशीन घेतल्याचं वर्ष मी विसरूच शकत नाही. २०१६. लातूरच्या माणसाला त्या उन्हाळ्याबद्दल काही सांगावं लागत नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, नळ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एक लोखंडी तुकडा, आणि माणसं भेटली की "टँकर आला का" हाच नमस्कार. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली. स्टेशनवर ती बघायला गर्दी व्हायची, मीही एकदा गेलो. टाक्यांच्या बुडाशी सांध्यातून थेंब गळत होते आणि एक म्हातारी त्या थेंबाखाली ओंजळ धरून उभी होती. प्यायला नव्हे, नुसती धरून. मला त्या वेळी राहून राहून जुनं स्टेशन आठवत होतं. माझ्या लहानपणी लातूरला येणारी रेल्वे बार्शी लाइटची, अडीच फुटी रुळांची. पुण्याला जायचं तर कुर्डुवाडीला उतरायचं आणि साडेपाच फुटी रुळांवरच्या मोठ्या गाडीत बसायचं. माणसं पायांनी गाडी बदलायची, माल हमालांच्या पाठीवरून बदलायचा. एका वाघिणीतून उतरव, दुसरीत चढव. गहू, कापूस, गूळ, सगळं दोनदा मोजलं जायचं आणि दर खेपेला थोडं सांडायचं. आबा म्हणायचे, कुर्डुवाडीच्या चिमण्या सुद्धा आपल्या तुरीवर जगतात. २००८ च्या सुमारास ते रूळ बदलले. बदलले नसते तर मिरजेचं पाणी कुर्डुवाडीत अडलं असतं, पाणी काय हमाल पाठीवरून नेणार? दोन रुळांतलं अंतर ही किती कोरडी गोष्ट, पण त्या उन्हाळ्यात आमच्या घागरी तिच्यावर भरल्या.

त्याच मे महिन्यात जुनं मशीन धूळ खाऊन मेलं आणि मी हे घेतलं. काळ्या मातीची बारीक धूळ, पाणी मारायला पाणी नाही, रस्त्यावर दिवसभर टँकर धावताहेत. पंख्याच्या पात्यांवर पिठासारखा थर बसायचा. आणि जूनमध्ये भाचा आला. दहावीला चांगले मार्क पडले होते आणि आमच्याकडं दहावीला चांगले मार्क पडलेलं पोर लातूरला येतं, यात विचारायचं काय. नांदेड, बीड, परभणी, कुठूनही येतं, तो तर देवणीहून आलेला, सख्ख्या बहिणीचा. आक्का म्हणाली, होस्टेलला टाकते. मी म्हणालो, मामाचं घर असताना होस्टेल कशाला? मनापासून म्हणालो होतो. पुढच्या खोलीत, या मशीनच्या बाजूला त्याची गादी घातली. रात्री मी काम करत असलो की तो पाठ करून भिंतीकडं तोंड करून वाचायचा, स्क्रीनचा उजेड पुस्तकावर पडू नये म्हणून. तक्रार नाही, मागणी नाही. बसला होता. अगदी व्यवस्थित बसला होता.

पाण्याचं मी एकदाच बोललो. त्याच्या येण्याला आठवडाही झाला नसेल. न्हाणीतून पाण्याचा आवाज जरा जास्त वेळ आला आणि मी बाहेरून म्हणालो, "इथं विहीर नाही रे बाबा. रेल्वेनं येतंय पाणी." तेवढंच. आवाज बंद झाला. सप्टेंबरात पाऊस लागला, मांजरा धरणात पाणी आलं, नळ वाहायला लागले, मी तर ते बोलणं विसरूनही गेलो. बारावी होऊन तो पुण्याला गेला त्यानंतर कधीतरी बायको सहज म्हणाली, तो दोन्ही वर्षं सात तांब्यांत आंघोळ करायचा. "मी मोजायची ना आतून. सात झाले की कडी वाजायची. पाणी आलं तरी सातच." मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं त्यात."

सात तांबे, सात वर्षं. असे आकडे जुळवायला लागलं की मी स्वतःलाच थांबवतो. पत्रिका छापणाऱ्या माणसाला जुळवाजुळवीची वाईट खोड असते.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं आणि मोजक्याच, पण पत्रिका यायला लागल्या. मशीनचा निर्णय घेणं भाग होतं. गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी आपल्याला पाहिजे ते सोडून बाकी सगळं आधी दिसतं. बांगड्या, भांडी, मिरच्यांचे ढीग, मग कुठंतरी जिना चढून संगणकाचं दुकान. दुकानदार तिशीचा, बोलका. मी एच ११० आणि ८४०० ची हकीकत सांगितली तसा म्हणाला, "काका, पत्रिका न बघता लग्न लावलं तुम्ही." संगणकाच्या दुकानात ही उपमा प्रत्येक जण देतो आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचली. मी काही बोललो नाही. छत्तीस गुण जुळलेल्या किती जोड्यांच्या पत्रिका मी छापल्यात आणि त्यातल्या किती घरांत फक्त पंखा फिरतो, हे मला त्याला सांगता आलं असतं.

त्यानं एकेक रस्ता दाखवला. पहिला, जुन्याच बोर्डात आय सेव्हन ७७०० टाकायचा. बायोस वर चढवला की बसेल आणि चालेलसुद्धा, पण सातवी पिढी, म्हणजे विंडोज ११ चं दार बंदच, आणि जुन्या बाजारात त्याचा भाव अजून मिजाशीत. दुसरा, भाच्याच्या ८४०० ला एच ३१० बोर्ड. नवा नव्हता. वापरलेला होता त्याच्याकडं, बंद पडलेल्या कुठल्यातरी परीक्षा केंद्रातून आलेला, रॅमची एक खाच सैल, मागची पत्र्याची पट्टी गायब. मी वॉरंटी विचारली. "दुकानाच्या पायरीपर्यंत," तो हसून म्हणाला. मी तो बोर्ड बराच वेळ हातात घेऊन बसलो. झाकण काढून पिना बघितल्या, एका कोपऱ्यात दोन पिना आडव्या झाल्यासारख्या वाटल्या, चष्म्याचा दोष म्हणावा तर चष्मा काढूनही तशाच. ठेवून दिला. तिसरा रस्ता इंटेल सोडून एएमडी कंपनीचा. एएम ४ हा सॉकेट त्यांनी पिढ्यानपिढ्या बदलला नाही. ही मला आवडणारी गोष्ट, एकदा घर बांधलं की नातवापर्यंत तेच. तिथं पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला भोकं. कुलर ओढताना प्रोसेसरही उपटून येतो आणि पिन वाकली तर रिकाम्या क्लच पेन्सिलीच्या नळीत धरून सरळ करायची, हे तो अशा अभिमानानं सांगत होता की मला तिथंच घाम फुटला. आणि तिथंही यादी बघावी लागतेच. सॉकेट तोच म्हणून बोर्ड प्रत्येक पाहुण्याला ओळखतो असं नाही.

शेवटी ठरला तो साधाच, आय थ्री १२१०० आणि एच ६१० बोर्ड. एलजीए १७००. तेरावी-चौदावी पिढीही त्याच सॉकेटात बसते, पण बोर्ड गोदामात जुना पडलेला असला तर आधी बायोस चढवा, ते कोण करणार. बारावी पिढी घेतली की बोर्ड तिच्यासोबतच जन्मलेला, ओळखीचा प्रश्न नाही. दुकानदारानं आधी '१२१०० एफ' पुढं केला होता, जरा स्वस्त. तेवढ्यात मला आठवलं, 'एफ' म्हणजे त्याच्यात चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. म्हणजे परत काळी स्क्रीन! एका अक्षरावर माझी दुसरी भाऊबीज झाली असती. बोर्डही नीट बघून घेतला, कारण एच ६१० दोन तऱ्हेचे येतात, एक डीडीआर ४ रॅमचा, एक डीडीआर ५ चा, आणि खोक्यावर तो फरक एका बारीक आकड्याएवढाच. या महिन्यात रॅमचे भाव असे चढलेत की दुकानदार स्वतःच भाव सांगताना खाली बघत होता. माझ्याकडं डीडीआर ४ च्या दोन पट्ट्या, एक ८ जीबीची, एक ४ ची. थोरली नव्या घरी न्यायची, धाकटी जुन्या घरी ठेवायची. वाटणी झाली.

जुनं घर मोडलं नाही, हे सांगायचं राहिलं. मराठी टायपिंगचं माझं जुनं सॉफ्टवेअर एका डोंगलवर चालतं. आगपेटीएवढा तुकडा, मागच्या पॅरलल पोर्टाला लावायचा. २०१६ मध्ये मी हट्टानं तो पोर्ट असलेला बोर्ड मागितला होता. नव्या बोर्डाला तो नाही, आणि यूएसबीची मधली वायर लावली तर डोंगल तिच्याशी बोलत नाही. कुठल्याही मशीनवर चालणारं युनिकोड आलं, सगळं सोपं झालं, खरं आहे. पण पंचवीस वर्षांच्या पत्रिका त्या जुन्या फॉन्टांत आहेत. नव्या मशीनवर उघडल्या की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खकाणा दिसतो. आबांच्या दशक्रियेचं पत्रही त्यातच आहे. म्हणून जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून, टेबलाच्या डाव्या बाजूला, तसंच चालू ठेवलंय. उजवीकडं नवं. नवा प्रोसेसर बघायला वेगळाच, आधीच्यासारखा चौकोनी नाही, लांबट, बिस्किटासारखा. जुना कुलर त्याला बसत नाही, भोकांतलं अंतर तीन मिलिमीटरनं वाढलंय. खोक्यात आलेलाच लावला. या वेळी सगळं मी एकट्यानं केलं. दांडी खाली ओढताना बोर्ड करकरला. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि मी श्वास धरून बसलो. चार सेकंद. सहा. मग स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला एकदम वाटलं की हे बघायला तो इथं हवा होता.

त्या रात्री त्याला फोन केला. काय घेतलं ते सांगितलं, त्यानं "डीडीआर ४ वालाच ना? एफ नाही ना?" एवढं विचारलं आणि "भारी केलं मामा" म्हणाला. मग दोघंही गप्प. आमच्याकडं मामानं भाच्याची माफी मागायची रीत नाही. अधिक महिन्यात अनारसे वाढायचे, कपडे करायचे, ते सगळं असतं, पण हे नाही. तोंडात शब्दच तयार होत नाहीत. मी त्याला पिनांचं सांगायला लागलो. १२८ च्या १४६ कशा झाल्या, राखीव बिंदू कसे कमी झाले, खाचासुद्धा कशा तिथल्या तिथंच ठेवल्या. "कुणाचीही चूक झाली असती," मी म्हणालो. "बाहेरून काही कळायला मार्गच नाही."

"मी त्याच रात्री बसमध्ये वाचलं मामा," तो म्हणाला. "बार्शी येईस्तोवर सगळं वाचून झालं होतं. लोक टिकल्यांवर टेप लावून, बायोस बदलून चालवतात पण त्याला. मला वाटलं सांगावं. पण तुमचं लग्नसराईचं मशीन, कशाला प्रयोग."

"मग दीड महिना बोलला का नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलं."

यावर मी नळाच्या पाण्याची चौकशी केली. पुण्यात पाणी येतं का रे नीट, खोलीवर? तो म्हणाला, येतं की, चोवीस तास. आणि का कुणास ठाऊक, मोठ्यानं हसला.

काल रात्री साडेअकराला त्याचा फोटो आला. एक वापरलेला बोर्ड, कुणाच्या तरी गादीवर वर्तमानपत्र पसरून ठेवलेला. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण मुद्दाम काढून, टॉर्च तिरपा धरून काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'बी ३६५ आहे मामा. ३०० सिरीज. यादीत ८४०० आहे, दोनदा बघितलं. मित्र विकतोय. घेऊ का?' मी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि ओळीओळीनं पिना बघत गेलो. सगळ्या एका अंगाला कललेल्या, एकही आडवी नाही. दुकानात तिसऱ्या मशीनला जागा नाही. प्लगही नाही. पत्रिका शंभराच्या वर जात नाहीत. वाटणी झाल्यावर रॅमही उरलेली नाही आणि आजच्या भावात नवी घेण्यात काही शहाणपण नाही. हे सगळं मला दिसत होतं.

'घे,' मी लिहिलं.

'कुरिअर करू का?'

ड्रॉवर उघडून डबी टेबलावर काढून ठेवली, आणि मग उत्तर टाइप केलं.

'नको. घेऊन ये.'